पांढऱ्या दगडांच्या आत

नकाशावर पाण्याची कड दाखवायची तर निळ्या शाईची एक रेघ पुरते. मी नाशकातल्या एका कचेरीत वीस वर्षांहून अधिक काळ नकाशे काढतो आहे, आणि अशा रेघा शेकड्यांनी ओढल्या असतील. त्यातली एक चुकली. ती कचेरीच्या कामातली नव्हती, घरच्या कामातली होती. पण तिच्यापायी माझ्या दाजींचं शेत गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या पाखरांची एकूण एक घरटी गेली. ती रेघ दुरुस्त व्हायला आठ वर्षं लागली.

माझी धाकटी बहीण सायखेड्याच्या खाली, गोदावरीच्या काठच्या एका गावात दिली. त्या गावापुढे काही मैलांवर बंधारा आहे. त्याच्यामुळे नदी तिथे पसरट होते आणि पाणी शिवारापर्यंत फुगतं. दिवाळीनंतर कालव्यांना पाणी सुटतं तशी ती फूग उतरायला लागते, आणि पौषापासून पुढे नदीच्या पोटातली काळी जमीन पट्टीपट्टीने उघडी पडते. हिला गाळपेर म्हणतात. ती कुणाच्या मालकीची नाही. ज्यांना जमीन नाही अशांना ती दर वर्षी एका हंगामापुरती नेमून देतात. दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, स्वतःची जमीन नव्हती. गाळपेरीचा अर्धा एकर हेच त्यांचं शेत, आणि तेही निम्मं वर्ष पाण्याखाली. थंडीत हरभरा, आणि माघापासून काकडी-टरबुजांची वाडी. वाडीला खत लागायचं नाही, नदी ते आणून टाकायची. दाजी म्हणायचे, माझं शेत दर वर्षी न्हाऊन येतं, मालकालाच वेळ मिळत नाही.

त्याच जमिनीवर आणखी काहींचं घर होतं. गावकरी त्यांना नुसतं पाणपाखरं म्हणायचे. पुस्तकी नाव नदी सुरय, हे मला फार पुढे कळलं. कबुतराएवढा पक्षी, वरून करडा, डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच आणि दुभंगलेली लांब शेपूट. नदीवर जागोजाग बांध झाले तशी यांची उघडी वाळवंटं पाण्याखाली गेली. आमच्या बाजूला, मी पाहिलं त्यात तरी, त्यांना उरलेली जागा एवढीच होती. पाण्यातून आधी वर येणारा एक बारीक गोट्यांचा उंचवटा आणि त्याच्या खालची थोडी वाळू. घरटं म्हणजे नुसता खळगा. काडी नाही, पीस नाही. खळग्यात दोनतीन अंडी, आणि तीही गोट्यांच्याच रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत वन्यप्राण्यांचा नवा कायदा आला आणि या पाखरांना जपायचं असं वर ठरलं. कसं जपायचं, ते मात्र खाली आलेला प्रत्येक माणूस आपापल्या परीने सांगायचा. त्या जमिनीवर तीन कचेऱ्यांचा हक्क होता. एक तुकडे नेमून द्यायची, दुसरी पाणी सोडायची, तिसरी पाखरं राखायची. पाखरं राखणारा रक्षक दर वर्षी बदलायचा आणि त्याच्याबरोबर नियमही. पहिल्या वर्षी पाण्याच्या कडेपासून दोनशे फूट पेरायचं नाही. दुसऱ्या वर्षी शंभर पावलं. हा रक्षक उंच होता, त्याची शंभर पावलं म्हणजे दाजींची सव्वाशे. तिसऱ्या वर्षी आलेल्याने सांगितलं, पाखरं दिसतील तिथून लांब राहा. दाजींनी विचारलं, उडताना दिसली तर? रक्षक म्हणाला, तुम्ही समजून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा दोनशे फूट.

मला असलं मोघम बोलणं सोसत नाही. किराण्याच्या चिठ्ठीतही मी साखर 'थोडी' असं लिहू देत नाही, यावरून बायको आजही मला चिडवते. त्या दिवाळीत बहिणीकडे गेलो असताना मी आपणहून म्हणालो, नकाशा काढून देतो. एकदा कागदावर आलं की वाद नको. चार दिवस फिरून, टेप लावून मी तो काढला. पाण्याची कड निळ्या शाईने, तिच्यापासून वर दोनशे फुटांची पट्टी लाल तिरक्या रेघांनी. रेघांच्या आत मनाई, बाहेर मोकळीक. रक्षकाने खूश होऊन एक प्रत नेली, तलाठ्याने एक ठेवली, तिसरी दाजींनी भिंतीवर आरशाशेजारी लावली.

नकाशा सुबक होता. त्यातली चूक आज पाचवीतला मुलगाही सांगेल. दिवाळीत नदी तुडुंब असते. मी काढलेली कड ही भरलेल्या पाण्याची कड. लाल पट्टी पडली ती बाभळींच्या बांधावर, जिथे सुरय कधीच उतरत नाही. आणि तो गोट्यांचा उंचवटा, ती वाळू, सगळी गाळपेर माझ्या नकाशात निळ्या रंगाखाली होती. पाण्यात पेरायला कोण मनाई करणार? तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं.

दाजींनी नकाशा नीट वाचला आणि त्याप्रमाणे वागले. फाल्गुनात उंचवटा काठाला जोडला गेला, तेव्हा त्यांनी वाडी त्याच्या पायथ्यापर्यंत वाढवली. आळी खणली, राखणीला झोपडी घातली. माणसाच्या मागून कुत्री गेली, गुरं गेली. चैत्रात, चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी मी गावी गेलो त्याच्या दोनच दिवस आधी, रक्षकाने पंचनामा केला होता. त्याच्या हुकुमात कड म्हणजे त्या दिवशी जिथे पाणी आहे ती. दोनशे फूट तिथून मोजले तर दाजींची सगळी वाडी आत. दोघंही नियमाने वागले होते. पंचनाम्यात घरट्यांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शिल्लक नाही'.

मी उंचवट्यावर जाऊन आलो. फुटक्या कवचांवर मुंग्या लागल्या होत्या. आठदहा पाखरं वर घिरट्या घालत होती, पण माझ्या अंगावर एकही आलं नाही. अंडी असली की ती डोक्याशी येऊन चोच मारू पाहतात. आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या हंगामाचा तुकडा दाजींना नामंजूर झाला. मी निघताना बहिणीने डबा हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "दादा, नकाशा तुझा होता. पंचनाम्यावर सही मात्र यांना करावी लागली."

सोमवारी मी अर्ज लिहिला. नकाशा मी काढला, कड भरलेल्या पाण्याची धरली, सदर इसमाने त्यावर विसंबून पेरणी केली, सबब दोष माझा. ज्या साहेबांकडे तो दिला त्यांनी वाचून बाजूला ठेवला आणि समजुतीने सांगितलं की तुम्ही स्वतः नोकरदार आहात, नसत्या भानगडीत नाव घालू नका. मी पोच मागितली. त्यांनी दिली. ती आजही माझ्याकडे आहे, पण तुकडा त्या वर्षी मिळाला नाही तो नाहीच. दाजी सिन्नरकडे कारखान्यांची बांधकामं चालली होती तिथे विटा उचलायला गेले. शनिवारी एस.टी.ने घरी यायचे. त्यांचे हात गाळात वाढलेले, सिमेंटने ते वर्षभर उलत राहिले.

पुढच्या वर्षी तुकडा परत मिळाला, पण नवा रक्षक, नवा नियम. आता मी कुणाचंच तोंडी ऐकायचं नाही असं ठरवलं. आधी पाखरांनाच विचारायचं की तुम्हाला नेमकी किती जागा लागते, कधीपासून कधीपर्यंत.

त्यासाठी पुढची चार वर्षं, होळी ते पहिला जोराचा पाऊस, जवळजवळ प्रत्येक रविवार मी तिथे काढला. सकाळची एस.टी., मग दाजींची सायकल. बंधाऱ्याच्या भिंतीला पाण्याची उंची दाखवणारे फुटांचे आकडे रंगवलेले आहेत, ते आधी वहीत उतरवायचे. मग उंचवट्यावर जाऊन प्रत्येक घरटं मोजायचं. कचेरीतलं लेव्हलचं यंत्र मागितलं असतं तर मिळालं असतं, पण ते सरकारी कामाचं. मी गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन बांबू यांवर भागवलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दाजी. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीला आलं की बांबूवर खूण करायची आणि पुढे सरकायचं.

दाजींना या कामात मी ओढलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या रविवारी ते झोपडीच्या मेढीला टेकून बघत होते. माझं टोक सारखं खाली जातंय हे पाहून आले आणि बांबू हातात घेतला. म्हणाले, "दादा, मागच्या वेळी एकट्याने मापलं तुम्ही. त्याचं काय झालं ते म्या विटांच्या ढिगावर बसून पाह्यलंय. आता दुसरं टोक माझ्याकडं असू द्या."

चार वर्षांत पाणी कधी लवकर उतरलं, कधी उशिरा. कड एका वर्षी जिथे होती तिथून दुसऱ्या वर्षी दोनशे पावलं सरकलेली. पण घरटी हलली नाहीत. बंधाऱ्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं तेव्हा दिसलं की ती दर वर्षी जमिनीच्या त्याच पट्ट्यात पडतात, उंचीत चार फुटांच्या आत. पहिलं अंडं होळीच्या आगेमागे, शेवटचं पिल्लू मृगाच्या तोंडावर उडतं. याचा अर्थ पाण्याच्या कडेवरून केलेला कुठलाही नियम चुकीचाच ठरणार, मग तो दोनशे फुटांचा असो वा दोन हजार. नियम जमिनीला आणि पंचांगाला बांधायला हवा. दोन्ही गोष्टी कुणाच्या बदलीने बदलत नाहीत.

यात एक अडचण होती, आणि ती मी दोन महिने मनात ठेवली. पट्ट्यात ज्यांचे तुकडे येत होते अशी गावात पाच घरं होती. त्यात दाजींचा तुकडा पुरता आत. एके दिवशी ओट्यावर वही उघडून मी त्यांना दाखवलं. त्यांनी आपल्या तुकड्यावर बोट ठेवलं. बहीण भाकरी थापायची थांबली होती, ते थापेचा आवाज बंद झाल्यावर कळलं.

"म्हंजी माझंच गेलं," दाजी म्हणाले.

मी म्हणालो, होय. रेघ थोडी वाकवून तुकडा बाहेर काढता येतो, पण मग सात-आठ घरटीही बाहेर पडतात.

"वाकवू नका. आज माझ्यासाठी वाकवली तर उद्या दुसऱ्या कुणासाठी वाकवतील." मग म्हणाले, "पन आमाला दुसरीकडं द्यायला पायजे. वरच्या अंगाला, पहिल्यांदा आमाला. आन ते कागदावर पायजे. तोंडी नाय. तोंडी लय ऐकलं."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने मी नियम लिहायला घेतला. पहिला मसुदा दीड पान झाला. बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे पाठ कोण करणार? तेव्हा पट्ट्याच्या कडेने पांढरे दगड रोवायचे असं धरून, काटत काटत चार ओळींवर आणला. पांढऱ्या दगडांच्या आत होळीपासून मृग लागेपर्यंत कोणीही जाणार नाही. कोणी म्हणजे माणूस, गुरं, कुत्रं, होडी, गाडी आणि कोणत्याही खात्याचा माणूसही. दगड हलवले जाणार नाहीत. ज्यांचे तुकडे दगडांच्या आत येतात त्यांना दर वर्षी वरच्या बाजूला सर्वांआधी तुकडा मिळेल.

हे चार ओळींचं ओझं घेऊन मी तीन कचेऱ्यांत किती फेऱ्या मारल्या, तेही वहीत आहे, पण ते वाचायला कंटाळवाणं होईल. पहिली कचेरी म्हणे दुसरीचं पत्र आणा, दुसरी म्हणे तिसरीचं, तिसरी म्हणे पहिलीचं. मी रागावलो नाही. प्रत्येक वेळी पोच घेतली आणि पुढल्या दारात गेलो. बायको म्हणायची, बाकीच्यांचे नवरे रविवारी पिशवी घेऊन बाजारात जातात, माझा बांबू घेऊन नदीवर जातो. म्हणायची खरं, पण पिशवीत माझी टोपी आणि कांदा ती स्वतःच घालायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्या पाण्याला अभयारण्य करायची बोलणी सुरू झाली आणि पाखरं राखणाऱ्या कचेरीत एक नवे साहेब आले. वहीची पानं त्यांनी एकेक करून उलटली. आकडे वाचणारा माणूस डोळ्यांवरून ओळखू येतो. महिन्याभराने त्यांनी तिन्ही कचेऱ्यांचे लोक आणि गावकरी असे शाळेच्या खोलीत एकत्र बसवले.

पहिल्या तीन ओळींना फारसा विरोध झाला नाही. चौथीवर गाडी अडली. तुकडे नेमून देणाऱ्या कचेरीचे गृहस्थ म्हणाले, याचं आम्ही तोंडी बघू, लेखी घातलं तर पायंडा पडेल. मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, तीन ओळी लेखी आणि चौथी तोंडी असं असेल तर तिन्हीही तोंडी ठेवा, म्हणजे पुढच्या रक्षकाला शंभर पावलं सांगायला मोकळीक राहील. पाखरांसाठी पक्का नियम आणि माणसांसाठी कच्चा, असा नियम पाच वर्षंही टिकणार नाही, कारण तो राखायचा आहे तो याच पाच घरांना. माझ्या मागे दाजी आणि इतर चौघं भिंतीशी उभे होते. त्यांच्यातलं कुणी बसलं नाही.

साहेबांनी चौथी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि तिथेच तिन्ही कचेऱ्यांच्या सह्या घेतल्या.

दगड आम्ही हिवाळ्यात रोवले. सव्वीस दगड, प्रत्येक गुडघ्याएवढा वर, चुन्याने पांढरा. नळी लावून, एका टोकाला मी, दुसऱ्याला दाजी. शाळेच्या भिंतीवर त्या चार ओळी रंगवल्या. दाजींना वरच्या अंगाला तुकडा मिळाला, पहिल्या नंबराने. जमीन जरा चोपण, खारवट होती. टरबुजं लहान आली. त्यांनी ते मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, वहीत असावं म्हणून.

त्या चैत्रात साहेब पाहणीला आले. मी नेहमीप्रमाणे वही, पेन्सिल आणि टेप घेऊन हजर होतो. पाखरांचा कलकलाट चालला होता. मी त्यांना दाखवत होतो, ती पाहा, मादी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, उन्हात ती तापू नयेत म्हणून. बोलत बोलत आम्ही चालत होतो. गेल्या इतक्या वर्षांची पायांना सवय. प्रत्येक घरट्यापाशी जायचं, अंडी मोजायची, खूण करायची. एक सुरय माझ्या टोपीला चाटून गेली आणि मागून हाक आली.

"दादा, थांबा. दगडाच्या आत हाय तुमी."

दाजी त्यांच्या नव्या तुकड्यातून चालत आले होते, हातात खुरपं. मी मागे पाहिलं. पांढरा दगड आमच्या मागे दहा-बारा पावलांवर होता. साहेब ओशाळून हसले आणि म्हणाले की हे तर मोजणीसाठी आलेत, यांनीच नियम लिहिलाय.

"म्हनूनच," दाजी म्हणाले. ते स्वतः दगडाच्या बाहेर उभे होते, एक पाऊलही आत आले नाहीत. "साहेब, नियमात कोनीच नाय असं लिवलंय. आन दादा, तुमी वहीत आकडा लिवता तवर तिची अंडी तापत्यात. मागं चार वर्सं म्या बोललो नाय, तवा मापायचंच व्हतं. आता मापून झालंय."

दाजींचं बरोबर होतं. चार वर्षं मी प्रत्येक रविवारी तासभर त्या गोट्यांवर घालवला होता, आणि तेवढा तासभर एकही मादी अंड्यांवर बसली नव्हती. पोट भिजवून आणलेलं पाणी ती माझ्या डोक्यावर घिरट्या घालत वाळवत होती. पिल्लू न निघालेल्या अंड्यांचे आकडेही त्याच वहीत होते. त्यांच्यापुढे कारण म्हणून मी 'ऊन' लिहिलं होतं.

आम्ही आलो त्याच पावलांनी परत गेलो. साहेब जीपकडे गेले. मी दाजींच्या झोपडीच्या सावलीत बसलो. बहिणीने चिरलेली काकडी आणून दिली. वीसेक मिनिटांत उंचवटा शांत झाला आणि पाखरं एकेक करून खाली बसली. तिथून ती नुसते पांढरे ठिपके दिसत होती, काही गोट्यांआड, काही एकमेकांच्या मागे. मी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला.

दाजींनी विचारलं, किती?

मी वही उघडली. घरट्यांच्या रकान्यात आजवर मी पूर्ण आकडाच लिहीत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे लिहिलं, 'अंदाजे चाळीस, दगडांच्या बाहेरून'. आणि मागे चार वर्षांच्या पानांवर जाऊन, जिथे जिथे 'ऊन' लिहिलं होतं, तिथे ते खोडून लिहिलं, 'मोजणी'.